भायखळ्याच्या दालनापासून ओहोटीच्या खडकांपर्यंत

मुंबईच्या आठ रहिवाशांनी १५ सप्टेंबर १८८३ रोजी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली, तेव्हा संस्थेला स्वतःची जागा नव्हती. महिन्यातून एकदा भेटायचे, आपापली निरीक्षणे सांगायची, हाती आलेले नमुने मांडायचे आणि एकमेकांचा हुरूप वाढवायचा, एवढेच ठरले होते. पहिले काही महिने या सभांना आसरा दिला तो भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाने. पुढे संस्था मोठी झाली, तिचे जर्नल देशोदेशी गेले, नमुन्यांचा संग्रह लाखाच्या वर पोचला. तरी तिचा इतिहास लिहायला बसलो की मन पुन्हा त्या सभांकडेच वळते. संशोधनाचा इतिहास जर्नलच्या खंडांत बांधून ठेवलेला आहे. टेबलाभोवती उभे राहून माणसे जे बोलली, त्याचा इतिहास मात्र विखुरलेला आहे. समुद्र आणि किनारा यांच्याविषयी या शहरातल्या संग्रहालयांत काय बोलले गेले, कोणी सांगितले आणि कोणी ऐकले, एवढाच धागा या लेखात धरला आहे.

भायखळ्याचे ते संग्रहालय तेव्हा तसे नवेच होते. त्याची मूळ कल्पना १८५५ ची. १८५७ च्या धामधुमीत पहिल्या संग्रहाची बरीच नासधूस झाली आणि जॉर्ज बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी, नाना शंकरशेट यांनी पुन्हा पैसा आणि माणसे जमवून काम उभे केले. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी इमारतीची कोनशिला बसली आणि २ मे १८७२ रोजी ती लोकांसाठी उघडली. शेजारीच राणीची बाग. वस्तू पाहायला आणि त्यांच्याविषयी ऐकायला सामान्य माणूस येऊ शकेल अशी जागा मुंबईत तेव्हा हीच होती, आणि निसर्गाभ्यासाच्या पहिल्या सभा इथे भरल्या याचे मोल मला फार वाटते. क्लबाच्या दिवाणखान्यात जन्मलेली संस्था वेगळी झाली असती.

आठ संस्थापकांत दोघे आपले होते. डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर आणि डॉ. सखाराम अर्जुन. आत्माराम पांडुरंग हे १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष आणि मराठीचे व्याकरण लिहिणाऱ्या दादोबा पांडुरंगांचे धाकटे भाऊ. सखाराम अर्जुन ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. वैद्यकाची पुस्तके मराठीत लिहावीत ही त्यांची धडपड होती आणि ती त्यांनी लिहिलीही. डॉ. रखमाबाईंना ज्या घराने वाढवले, पुढच्या झगड्यात बळ दिले, ते घर यांचेच. संस्था स्थापन झाल्यावर जेमतेम दीड वर्षाने, १८८५ मध्ये ते गेले. संस्थेच्या इतिहासात या दोघांची नावे यादीत येतात आणि पुढे वाचणारा लगेच इंग्रज अधिकाऱ्यांकडे वळतो. मला इथे थोडे थांबावेसे वाटते. एक व्याकरणकाराच्या घरातला, दुसरा मराठीत शास्त्र लिहिणारा. या दोघांच्या हातून जन्मलेल्या संस्थेचा कारभार आणि बोलणे मात्र पहिल्या दिवसापासून इंग्रजीत चालले. त्या काळात दुसरे काही होणे कठीणच होते. पण ज्या किनाऱ्यावरून नमुने येत, तो किनारा मराठी आणि कोकणी बोलत होता, आणि हा दुरावा आपल्या सभांच्या सगळ्या इतिहासात शेवटपर्यंत जाणवत राहतो.

जानेवारी १८८४ मध्ये एच. एम. फिप्सन या दारूच्या व्यापाऱ्याने फोर्ब्स स्ट्रीटवरच्या आपल्या पेढीतली एक खोली संस्थेला दिली. दोन वर्षांनी बिऱ्हाड ६, अपोलो स्ट्रीटला हलले. फिप्सन पुढे दोन दशके मानद सचिव होते. सभेची रीत तीच राहिली. कोणी साप आणी, कोणी फुलपाखरांची पेटी, कोणी शंख, कोणी स्पिरिटमध्ये बुडवलेला मासा. नमुना टेबलावर ठेवायचा, कुठे आणि कधी मिळाला ते सांगायचे, मग बाकीच्यांनी विचारायचे. बोलणाऱ्याला पदवी लागत नसे. लागे ती वस्तू, ठिकाण आणि तारीख. आज लोकविज्ञान म्हणून ज्याचे कौतुक होते ते काम ही माणसे नेमाने करत होती.

पहिले सचिव ई. एच. एटकेन. साताऱ्यात जन्मलेला हा माणूस ‘एहा’ या नावाने लिहीत असे. त्यांची नोकरी कस्टम्स आणि मीठ खात्यातली, त्यामुळे खारघोडा, उरण, कारवार, गोव्याची सरहद्द, रत्नागिरी अशी त्यांची सारी वर्षे मिठागरांच्या आणि खाड्यांच्या काठाने गेली. मीठ खात्याच्या माणसाला भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाठ असावे लागते, खाजणाच्या बांधावरून रोज चालावे लागते. निसर्ग निरखायला याहून चांगली नोकरी कोणती? आपल्या संस्थेचा पहिला सचिव हा किनाऱ्याचा माणूस होता, हे आपण विसरता कामा नये. १८८६ मध्ये जर्नल सुरू झाले ते त्यांच्या आणि आर. ए. स्टर्नडेल यांच्या संपादनाखाली. त्या सुरुवातीच्या खंडांतच पश्चिम भारतातल्या पाण्यांवर एक लेखमाला आहे. दख्खनच्या नद्यांपासून सुरू होऊन ती कोकणात आणि किनाऱ्यावर उतरते. मासे, जाळी, होड्या, खाड्या सगळे तिच्यात येते. किनाऱ्याचा इतिहास आणि सागरी जीव हे दोन वेगळे विषय आहेत अशी कल्पनाच तिथे नाही. मला ती दृष्टी अजूनही बरोबर वाटते. बोंबील कसा पकडतात हे सांगितल्याशिवाय बोंबलाविषयी काय सांगणार?

याच पिढीतले लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. मुंबईतल्या विषारी वनस्पतींवर त्यांनी जर्नलमध्ये सविस्तर लिहिले, शेवाळांचाही अभ्यास केला, आणि बामनदास बसू यांच्याबरोबरचा त्यांचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ आजही अभ्यासक हाताळतात. हेच कीर्तिकर १९०९ च्या बडोद्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. शेवाळाचा अभ्यासक साहित्य संमेलनाचा अध्यक्ष होतो, ही गोष्ट आपल्या शाळांत मुलांना सांगायला हवी. मराठीत शास्त्र बोलू शकणारी माणसे संस्थेत तेव्हाही होती याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

संस्थेच्या कचेरीतला सर्वांत लाडका रहिवासीही किनाऱ्यावरूनच आला. १८९४ मध्ये कारवारहून महाधनेशाचे एक पिल्लू भेट आले. ‘विल्यम’ नावाने तो १९२० पर्यंत सचिवांच्या खुर्चीमागे राहिला आणि सभेला येणाऱ्या तीन पिढ्यांनी त्याला पाहिले. संस्थेचे बोधचिन्ह आणि पुढे इमारतीचे नाव त्याच्यावरूनच पडले.

या इतिहासाचे दुसरे मोठे पर्व पुन्हा एका संग्रहालयाशी जोडलेले आहे. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची कोनशिला १९०५ मध्ये बसली. जॉर्ज विटेट यांनी आखलेली इमारत १९१४ मध्ये पुरी झाली, पण पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय होते आणि लोकांसाठी दारे उघडली ती १० जानेवारी १९२२ रोजी. तिथल्या निसर्गविभागाची उभारणी आपल्या संस्थेकडे आली. संस्थेचे क्युरेटर एस. एच. प्रेटर हेच त्या विभागाचेही क्युरेटर. प्रेटर परदेशात जाऊन तिथली संग्रहालये पाहून आले आणि नुसत्या काचेच्या कपाटांच्या जागी अधिवासाचे देखावे आले. पक्षी फांदीवर, फांदी जंगलात, मागे रंगवलेले आकाश. जाता जाता सांगायला हवे, की हेच प्रेटर पुढे भारताच्या संविधान सभेचे सदस्य होते.

समुद्री जिवांचे देखावे करणे सर्वांत अवघड. पक्ष्याच्या पिसांचा रंग वर्षानुवर्षे टिकतो. मासा पाण्याबाहेर आला की तासाभरात त्याची झळाळी उतरते आणि स्पिरिटमध्ये गेला की उरतो तो पांढुरका लगदा. म्हणून संग्रहालयात ताज्या माशाचा साचा घेतात, त्यावरून प्रतिकृती ओततात आणि मग चित्रकार आठवणीतून किंवा ताज्या माशासमोर बसून एकेक खवला रंगवतो. समुद्रफूल, जेलीफिश, ऑक्टोपस यांचे तर साचेही नीट निघत नाहीत. संग्रहालयातला समुद्र नेहमी थोडा अपुरा दिसतो तो यामुळे. आणि म्हणूनच तिथे बोलणारा माणूस लागतो. वाघ पाहणाऱ्याला वाघ आपोआप कळतो. काचेतला शंख पाहणाऱ्याला कोणीतरी सांगावे लागते, की यात एक जीव राहत होता, तो अमुक खात होता, त्याचे घर रिकामे झाल्यावर त्यात दुसऱ्याने बिऱ्हाड केले.

हे सांगण्यासाठी संग्रहालयाने १९२६ मध्ये एक पद निर्माण केले. मार्गदर्शक-व्याख्याता. पगार महिना ३५० रुपये. त्या जागेवर आले सलीम अली. शाळेची मुले आणि येणारे-जाणारे लोक यांना घेऊन दालनांतून फिरायचे आणि समजावून सांगायचे, हे त्यांचे काम होते. दोन वर्षांत त्यांना या कामाचा कंटाळा आला आणि १९२८ मध्ये ते अभ्यासासाठी जर्मनीला गेले. परतले तेव्हा काटकसरीत ते पदच रद्द झालेले. नोकरी नसलेले सलीम अली किहीमच्या किनाऱ्यावरच्या घरी राहायला गेले आणि तिथे सुगरणींच्या घरट्यांचा तो गाजलेला अभ्यास झाला. भारतीय पक्षिशास्त्राला यातून लाभच झाला. तरीही इतिहास लिहिणाऱ्याने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. शहराला समजावून सांगणारा माणूस पगार देऊन नेमावा, हा विचार संग्रहालयाला सुचला होता आणि पैशांची चणचण होताच पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडली. असे आजही होते. दालन उभारायला देणगीदार मिळतात, दालनात बोलणाऱ्याचा पगार द्यायला कोणी पुढे येत नाही.

त्याच इमारतीत दुसऱ्या बाजूला किनाऱ्याचा मानवी इतिहास मांडलेला आहे. नालासोपाऱ्याजवळ १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. १९५६ मध्ये भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. दोन्ही इथे आहेत. सोपारा हे मोठे बंदर होते म्हणून सम्राटाचा शब्द तिथे दगडावर कोरला गेला. खाडी गाळाने भरली आणि बंदर मागे राहिले. घारापुरीची महिषासुरमर्दिनीही याच संग्रहालयात आहे. घारापुरीचा दगडी हत्ती मात्र भायखळ्याला आहे. १८६४ मध्ये तो विलायतेला नेण्याच्या खटपटीत फुटला, तुकडे राणीच्या बागेत आणले गेले आणि १९१४ मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. ज्या हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटले तो बेटावर नाही, हे घारापुरीला जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असते? बोरिवलीजवळच्या एकसरला सहा वीरगळ उभे आहेत. त्यांतल्या काहींवर वल्ह्यांच्या नौकांची रांगच्या रांग कोरलेली आहे. यादव महादेव आणि शिलाहार सोमेश्वर यांच्या तेराव्या शतकातल्या झुंजीशी अभ्यासक ते जोडतात. हे दगड कोणत्याही दालनात नाहीत. वस्तीच्या मधोमध उभे आहेत, आणि तिथेच जाऊन त्यांच्याविषयी बोलले पाहिजे.

हा मानवी धागा आपल्या संस्थेने फारसा हाती घेतला नाही, तो तिचा विषयही नव्हता. त्यासाठी १९७८ मध्ये व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी मुंबईत मेरिटाइम हिस्टरी सोसायटी स्थापन केली. आवटींना निसर्गाचेही तितकेच वेड होते. नौदलाचा अधिकारी आणि पक्षिनिरीक्षक एकाच माणसात असले की किनारा कसा अखंड दिसतो, हे त्यांचे लेखन वाचणाऱ्याला कळते.

आपल्या संस्थेच्या समुद्रविषयक कामातले एक प्रकरण मला सविस्तर सांगायचे आहे, कारण ते सभेत सांगण्याजोगे आहे. वेंगुर्ल्यासमोर समुद्रात काही उघडे खडक आहेत. वेंगुर्ला रॉक्स, किंवा बर्न्ट आयलंड्स. त्यांतल्या एकावर दीपगृह आहे. पक्ष्यांचे अभ्यासक ए. ओ. ह्यूम १८७५ मध्ये तिथे गेले होते. पुढे आपले हुमायून अब्दुलअली गेले आणि तिथले सुरय पक्षी आणि पाकोळ्या यांच्यावर त्यांनी जर्नलमध्ये लिहिले. या पाकोळ्या खडकाच्या आतल्या अंधाऱ्या गुहेत राहतात. अंधारात वाट काढण्यासाठी त्या तोंडाने टकटक असा आवाज करतात आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून भिंत ओळखतात. घरटे करताना पाकोळी आपली लाळ खडकाला लावते, ती सुकते, मग पुन्हा लावते. त्यात काही पिसे आणि काड्या मिसळलेल्या असतात. तळहाताच्या खोलगट भागाएवढी ती वाटी भिंतीला चिकटून बसते आणि तिच्यात अंडी येतात. ही वाटी पूर्वेकडच्या बाजारात खाद्य म्हणून विकली जाते, त्यामुळे चोर शिड्या लावून गुहेत शिरत. या शतकाच्या सुरुवातीला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ती चोरी थांबवण्याचे काम हाती घेतले, आणि त्याच लोकांनी वेळासच्या किनाऱ्यावर २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. एका खडकावरच्या पक्ष्याची ही गोष्ट ह्यूम यांच्यापासून चिपळूणच्या कार्यकर्त्यांपर्यंत येते. प्रत्येकाच्या हाती आधीच्याचे टिपण होते. सभा आणि जर्नल यांचे काम हेच.

१९६५ मध्ये संस्थेला स्वतःचे घर मिळाले. शहीद भगतसिंग मार्गावर, लायन गेटसमोर, संग्रहालयाच्या कुंपणाला लागून ‘हॉर्नबिल हाउस’ उभे राहिले. संग्रहालयाचे नाव १९९८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय झाले, शेजार मात्र तोच आहे. नव्या इमारतीत सभागृह होते, स्लाइड दाखवायचे यंत्र होते. स्लाइडने एक मोठी सोय केली, आणि एक गोष्ट हिरावूनही नेली. टेबलावरचा नमुना मागे पडला. पडद्यावरचा प्रवाळ हातभर मोठा आणि झगझगीत दिसतो, पण त्याचा खरा आकार, वजन, खारट वास कळत नाही. माझे मत असे, की समुद्रावरच्या व्याख्यानात निदान एक तरी खरी वस्तू श्रोत्यांच्या हातातून फिरली पाहिजे.

संस्थेच्या पुस्तकांतही समुद्र उशिरा आला. सलीम अलींचे पक्ष्यांवरचे पुस्तक १९४१ चे, प्रेटरांचे सस्तन प्राण्यांवरचे १९४८ चे, जे. सी. डॅनियल यांचे सरपटणाऱ्या प्राण्यांवरचे १९८३ चे. शंखशिंपल्यांवरचे डॉ. दीपक आपटे यांचे पुस्तक यायला १९९८ उजाडले. जंगलाचे आकर्षण आपल्याला नेहमीच जास्त. समुद्रात उतरायला होडी, साधने आणि पैसा लागतो हे खरे, पण गिरगाव चौपाटीच्या कडेचे खडक पाहायला ट्रामचे तिकीट पुरेसे होते. आपटे यांच्या कामाने हे चित्र बदलले. लक्षद्वीपमधल्या महाकाय शिंपल्यांवरचे त्यांचे संशोधन आणि त्यानिमित्त झालेली व्याख्याने यांनी तरुणांची एक पिढी ओहोटीच्या पाण्यात उतरवली. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले होते. त्याविषयी ऐकायला येणारे श्रोते आता समुद्र पाहून आलेले असत.

शिवडीचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. नव्वदच्या दशकात तिथल्या चिखलात रोहित पक्ष्यांचे थवे दिसू लागले आणि संस्थेने लोकांना दुर्बिणी देऊन जेट्टीवर उभे केले. ते एक मोठे उघड्यावरचे व्याख्यानच होते. कारखाने, जुनी जहाजे, काळा चिखल आणि त्यात गुलाबी पक्षी. लोक पक्षी पाहायला आले आणि चिखलाचे मोल ऐकून गेले. २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य झाले, २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. यामागे अनेकांची मेहनत आणि न्यायालयीन लढाया आहेत, पण जेट्टीवर झालेल्या त्या बोलण्याचाही वाटा आहे असे मी खात्रीने म्हणतो.

२०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या गटाने हीच रीत शहराच्या खडकाळ किनाऱ्यांवर नेली. अमावस्या-पौर्णिमेच्या आगेमागे ओहोटी खूप खाली जाते तेव्हा गिरगाव, हाजी अली, जुहू इथे लोकांना घेऊन जायचे. खडकावर पाय ठेवण्याआधी खाली पाहायचे, उचललेला दगड होता तसाच परत ठेवायचा, काही घरी न्यायचे नाही. खडकाच्या कपारीत साचलेल्या वीतभर पाण्यात समुद्रफूल उघडलेले असते, शंखात शिरलेला खेकडा सरकत असतो, एखादा ऑक्टोपस दगडाचा रंग घेऊन बसलेला असतो आणि दाखवल्याशिवाय दिसत नाही. मुंबईत प्रवाळ आहेत हे बहुतेक मुंबईकरांना कळले ते २०२० मध्ये, किनारी रस्त्याच्या कामासाठी वरळी आणि हाजी अली इथल्या वसाहती उचलून दुसरीकडे लावल्या तेव्हा. प्रवाळाला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचे संरक्षण आहे, म्हणजे वाघाला आहे तेच. हे संरक्षण आधीपासून होते. लोकांच्या कानावर मात्र गेले नव्हते.

आता त्या दुराव्याकडे येतो. आपल्या सभांत टेबलावर आलेल्या समुद्री नमुन्यांतले कितीतरी कोळ्यांच्या जाळ्यातून आलेले असणार. गोळा करणाऱ्या साहेबाचे नाव चिठ्ठीवर आले, जाळे ओढणाऱ्याचे आले नाही. पण समुद्राविषयी ज्याला खरे माहीत असते तो जाळे ओढणाराच. डोल जाळे कसे चालते ते पाहा. समुद्राच्या तळाशी रोवलेल्या खुंटांना लांबच लांब, निमुळत्या पिशवीसारखे जाळे बांधतात. तोंड प्रवाहाच्या दिशेला. भरती किंवा ओहोटीचे पाणी वेगाने आत शिरते आणि बोंबील, करंदी, जवळा पिशवीच्या टोकाला साचतात. पाणी थांबायच्या सुमारास जाळे उचलावे लागते, नाहीतर प्रवाह फिरला की सगळे सांडते. म्हणून कोळ्याच्या घरात घड्याळाच्या आधी तिथी पाहतात. भांगाच्या, म्हणजे मंद भरती-ओहोटीच्या, दिवसांत जाळे टाकून उपयोग नाही आणि उधाणात टाकले तर ओढायला माणसे जास्त लागतात. हे ज्ञान सांगायला वेसावे, वरळी, माहुल इथला नाखवा संग्रहालयाच्या व्यासपीठावर उभा राहिला पाहिजे. कोळीणबाईंनी वलांडीवर सुकणाऱ्या बोंबलाविषयी सांगितले पाहिजे. निवटी कोणत्या चिखलात मिळते, पूर्वी मिळणारी घोळ आता का दिसत नाही, कालवे कोणत्या खडकावरून नाहीशी झाली, याची उत्तरे त्यांच्याकडे आहेत, आणि ती मराठीत आहेत. नाखवा बोलेल आणि जीवशास्त्रज्ञ त्याला जोड देईल, अशी सभा हवी. प्रश्न दोघांनाही विचारता यावेत.

हे काही अशक्य नाही. भायखळ्याच्या संग्रहालयात जुन्या मुंबईचे नकाशे आणि बेटांचा इतिहास मांडलेला आहेच. रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्र केंद्रात देवमाशाचा सांगाडा आहे आणि कोकणातल्या शाळांच्या सहली तिथे येतात. काळा घोड्याच्या वस्तुसंग्रहालयात सोपाऱ्याचा शिलालेख आहे, शेजारी आपले सभागृह आहे. या सगळ्या जागी महिन्यातून एकदा, मराठीत, एका वस्तूवर एक तास बोलायचे ठरवले तर पैसा फार लागत नाही. वक्ते शोधावे लागतील, तेही दूर नाहीत. आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन यांनी आठ जणांत सुरुवात केली होती.

या स्मरणिकेच्या वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या घरी आजोबांनी जमवलेली शंखांची पेटी असेल, जुन्या होडीचा फोटो असेल, कोणी सभेत वाचलेले टिपण असेल, तर ते टाकून देऊ नका. संस्थेकडे आणून द्या. देताना एका कागदावर तीन गोष्टी लिहा: वस्तू कुठे मिळाली, कधी मिळाली आणि कोणी दिली. तिसरी ओळ लिहायला विसरू नका. आणि तुमच्या गावी, पाड्यात, कोळीवाड्यात समुद्राविषयी सांगू शकेल असे कोणी म्हातारे माणूस असेल, तर त्यांचे नाव आम्हाला कळवा. पुढच्या वर्षीच्या व्याख्यानांची यादी आम्हाला तिथूनच सुरू करायची आहे.